मदत हवी आहे: मेंदूच्या शस्त्रक्रियेनंतर मुलीचं वाचन अडलंय

नमस्कार. माझी मुलगी साडेसहा वर्षांची आहे. रासमुसेन एन्सेफलायटिसमुळे (मेंदूच्या एका बाजूला सूज येत राहण्याचा दुर्मिळ आजार) तिला दिवसाला वीस-वीस फिट्स यायच्या, औषधांनी थांबेनात. आठ महिन्यांपूर्वी हेमिस्फेरोटॉमी केली, म्हणजे मेंदूच्या डाव्या अर्ध्या भागाचा उजव्याशी असलेला संबंध तोडला. तेव्हापासून एकही फिट नाही.

डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं की या वयात उजवा मेंदू भाषेचं काम बऱ्यापैकी उचलतो, चालणंही जमतं. पण उजव्या हाताच्या बोटांची बारीक हालचाल आणि दोन्ही डोळ्यांची उजवीकडची नजर परत येत नाही. तसंच झालं. पायात स्प्लिंट घालून ती चालते. पहिले दोन महिने फक्त ‘आई’ आणि ‘नको’. परवा म्हणाली, “आजी, मला गरम पोळी दे.” सासूबाई लाटणं ठेवून रडत बसल्या.

अडलंय ते वाचन. ओळीचा उजवा शेवट तिला दिसत नाही, ‘कमळ’चं ‘कम’ वाचते. मी ओळीच्या शेवटी लाल रेघ ओढते, रेघ दिसेपर्यंत मान वळवायची असं शिकवलंय. थोडा फरक आहे. जोडाक्षरं मात्र अजिबात जमत नाहीत.

कोणाच्या मुलाची अशी शस्त्रक्रिया झालीय का? वाचन कसं बसवलंत? घरी मराठी, शाळेत इंग्रजी. सध्या एकच भाषा ठेवावी का? नाशिक-पुण्याकडे मराठीतून शिकवणारे स्पीच थेरपिस्ट माहीत असतील तर कृपया सांगा. शाळा तिला परत बालवर्गात बसवा म्हणतेय, ते मला पटत नाही. तिला सगळं कळतं हो, फक्त वेळ लागतो.