‘दोन वेळचे भागते’ या उत्तराची नोंद कशी करावी?

अभ्यासक_नाशिक : सुरगाणा आणि पेठ तालुक्यांत नागली (नाचणी), वरई व भात पिकवणाऱ्या अल्पभूधारक कुटुंबांच्या अन्नसुरक्षेवर मी प्रबंध लिहीत आहे. कमी आवडीचे किंवा स्वस्त अन्न खाणे, उसनवारी करणे, वाढप कमी करणे, मुलांसाठी मोठ्यांनी कमी खाणे आणि जेवण टाळणे हे 5 उपाय गेल्या 7 दिवसांत किती दिवस करावे लागले, हे मोजणारी प्रमाणित प्रश्नावली मी वापरते. जानेवारीतील प्राथमिक मुलाखतींत बहुतेक घरांनी ‘दोन वेळचे भागते’ एवढेच सांगितले. मात्र त्यांपैकी कित्येकांच्या डोक्यावर किराणा दुकानाची उधारी होती. दोष प्रश्नावलीचा आहे की विचारण्याच्या पद्धतीचा?

शिवारवाट : आधी महिना पाहावा. जानेवारीत कणगीत नागली असते आणि शिवाय अनेक कुटुंबे दिंडोरी-निफाडच्या द्राक्षबागांत मजुरीला गेलेली असतात, त्यामुळे घरी भेटणाऱ्यांत म्हातारी माणसेच अधिक. खरी ओढाताण आषाढ ते भाद्रपद या काळात होते. धान्य संपत आलेले, बी-खतात पैसा गेलेला आणि नेमकी तेव्हाच आवणीची, म्हणजे रोपे लावण्याची अंगमेहनत. मोठ्यांनी कमी खाण्याला तुमच्या प्रश्नावलीवरून काढायच्या निर्देशांकात सर्वाधिक, म्हणजे 3 गुणांचा भार आहे. पण बाई सर्वांत शेवटी जेवते ही घरची रीतच मानली जाते, म्हणून हा प्रश्न कुटुंबप्रमुखाला विचारून भागणार नाही. भाकरी शेवटी किती उरली होती, असे त्या बाईलाच स्वतंत्रपणे विचारा.

नागलीची_भाकर : मी पेठ तालुक्यातलाच आहे. रानभाजी खाल्ली की लगेच टंचाई, अशी नोंद कृपया करू नका (शहरातून येणारे बरेच जण करतात). कुरडू, करटोली, शेवळे आम्ही आवडीने खातो आणि बाजारातही विकतो. कडूकंद या रानकंदाची गोष्ट वेगळी. त्याचे काप राखेच्या पाण्यात शिजवून वाहत्या पाण्यात ठेवल्याशिवाय कडूपणा जात नाही, त्यामुळे चुलीवर नागली शिजत असताना एवढा खटाटोप सहसा कोणी करत नाही. त्याहून गंभीर म्हणजे बियाण्याची नागली दळणे, दुभती शेळी विकणे आणि मजूर नेणाऱ्या मुकादमाकडून उचल (आगाऊ मजुरी) घेणे. यांतले काहीही 7 दिवसांच्या प्रश्नात सापडणार नाही, कारण ते वर्षातून एकदाच घडते आणि त्याची झळ पुढच्या हंगामाला लागते. त्यासाठी वेगळा तक्ता ठेवा.

येवलेकर : आमच्या कोरडवाहू भागाचाही विचार व्हावा. कांद्यामागे लागून बाजरी कमी केलेल्या घराला दर पडला की धान्यही विकतच आणावे लागते, आणि जमीन असूनही ते घर उधारीवर चालते.

अभ्यासक_नाशिक : आभारी आहे. श्रावणात त्याच घरांत पुन्हा जाईन. रेशनचे धान्य कुठे धरावे?

शिवारवाट : वेगळ्या रकान्यात. अंत्योदय कार्डावर कुटुंबाला महिन्याला 35 किलो आणि प्राधान्य गटात माणशी 5 किलो धान्य मिळते, त्यामुळे ‘दोन वेळचे भागते’ हे उत्तर खरेही असू शकते. फक्त त्या दोन वेळांना भाकरी-भाताबरोबर डाळ आणि तेल किती दिवस होते, हेही विचारा.