सात आठवड्यांच्या पिल्लाला अंघोळ घालू का? लस परवाच झालीये

शेपूटवाली:
नमस्कार मंडळी, आमच्याकडे नुकतंच एक पिल्लू आलंय, मिक्स ब्रीड आहे, डॉक्टरांनी दात बघून सात आठवड्यांचं असेल म्हणून सांगितलं आणि परवाच पहिली लस पण दिली. प्रॉब्लेम असा की त्याला प्रचंड वास येतोय, पोटाखाली आणि शेपटीपाशी शी वाळून केस चिकटलेत आणि ते तसंच येऊन मांडीवर बसतं. आई म्हणते लहान बाळाच्या शाम्पूने घाल अंघोळ, शेजारचे काका म्हणाले पाण्यात थोडं अँटिसेप्टिक लिक्विड टाक, आणि एक मैत्रीण म्हणते लसीचा कोर्स पूर्ण होईपर्यंत पाणी लावायचंच नाही. नक्की कुणाचं ऐकू? पाणी किती गरम घ्यायचं, कानात गेलं तर काय होतं, किती दिवसांनी घालायची, सगळंच विचारतेय कारण कुत्रा पहिल्यांदाच पाळतेय, अगदी बेसिकपासून सांगा प्लीज.

उंबरठा:
ताई, इतक्यात टबात नका घालू. आठ आठवड्यांच्या आतल्या पिल्लाला स्वतःचं अंग गरम ठेवता येत नाही नीट, भिजलं की पटकन गार पडतं. सध्या मऊ फडकं कोमट पाण्यात बुडवून घट्ट पिळा आणि घाण आहे तेवढाच भाग पुसा. वाळलेली शी ओढून काढू नका, कातडी सोलते, ओलं फडकं त्यावर मिनिटभर धरून ठेवा म्हणजे आपोआप सुटते. मग लगेच कोरडं करून उबेत ठेवा.

काळूची_मावशी:
वरच्यांशी सहमत. पुढच्या आठवड्यात घालायची असेल तर सविस्तर लिहिते, आमच्याकडे कायम कुत्री असतात म्हणून सांगतेय.

आधी ते अँटिसेप्टिक पूर्ण विसरा. कुत्र्याची कातडी आपल्यापेक्षा बरीच पातळ असते, त्यावर आग होते आणि नंतर ते अंग चाटतं म्हणजे पोटात जातं ते वेगळंच. टी ट्री ऑइल वगैरे नैसर्गिक म्हणून विकतात ते सुद्धा नको, कुत्र्यांना विषारी आहे. बाळाचा शाम्पू त्या मानाने सौम्य असतो, अगदीच अडलं तर एखाद्या वेळी चालेल पण तो माणसाच्या कातडीसाठी बनवलेला असतो, आपली कातडी जास्त आम्लधर्मी आणि कुत्र्याची न्यूट्रलच्या जवळ, त्यामुळे नेहमी वापरलात तर कातडी कोरडी पडून खाज सुटते. पिल्लांसाठीचा बिनवासाचा शाम्पू आणा.

पाणी मनगटाच्या आतल्या बाजूला टाकून बघायचं, गरमही नाही नि गारही नाही असं वाटलं पाहिजे. ३७-३८ अंश धरून चला. कुत्र्याचं अंग मुळात आपल्यापेक्षा गरम असतं, साधारण ३८.३ ते ३९.२, म्हणून आपल्याला 'ठीक आहे' वाटणारं गारसर पाणी त्याला गारच लागतं. खोली बंद, पंखा बंद, आणि टॉवेल, शाम्पू, मग सगळं हाताशी घेऊनच बसायचं कारण टबात पिल्लू सोडून काही आणायला उठायचं नाही, अर्ध्या मिनिटासाठी सुद्धा नाही.

आणि खाली रबरी मॅट किंवा जुना टॉवेल अंथरा, हे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. पिल्लं पाण्यापेक्षा जास्त घाबरतात ती पाय घसरण्याला. एकदा नखं टबावर कर्रकन घसरली की ते पाय ताठ करून उभं राहतं आणि पुढच्या वेळी बाथरूमचं दारच बघून पळतं. म्हणून आधी एक-दोन दिवस कोरड्या टबातच ठेवून खाऊ द्या, खेळू द्या, मग पाणी.

अंघोळीच्या आधी केस विंचरा, गुंता भिजला की आणखी घट्ट बसतो. पाणी पोटापर्यंतच. मगने हळूहळू पायांवर, मग मागून पुढे खांद्यापर्यंत, डोक्यावर ओतायचंच नाही, तोंड ओल्या फडक्याने पुसायचं. कानाची नळी कुत्र्यात एल आकारात वळते, आत गेलेलं पाणी सहज बाहेर येत नाही आणि मग इन्फेक्शन होतं. कापसाचा बोळा कानाच्या तोंडाशी अलगद ठेवा, आत खोल कोंबू नका आणि नंतर आठवणीने काढा. इयरबड मुळीच नको.

शाम्पू आधी मगभर पाण्यात पातळ करून घेतला की सगळीकडे नीट लागतो आणि धुवायलाही सोपा जातो. धुताना घाई करू नका, काखा, जांघा, बोटांच्या बेचक्या इथे फेस लपून बसतो आणि नंतर दोन दिवस पिल्लू खाजवत बसतं, लोकांना वाटतं शाम्पूची ॲलर्जी झाली. पाणी स्वच्छ यायला लागल्यावरही एकदा धुवायचं. मग टॉवेलने दाबून दाबून टिपायचं, घासायचं नाही, आणि पहिला टॉवेल भिजला की दुसरा कोरडा घ्यायचा. ड्रायर वापरणार असाल तर सगळ्यात कमी गरम, हातभर लांबून आणि एका जागी न धरता. पोटाखालचे केस मुळाशी ओले राहतात, तिथे बोटं घालून बघा.

किती दिवसांनी म्हणाल तर महिन्यातून एकदा पुरे, मधे काही लागलं तर तेवढं पुसा. दर आठवड्याला घातली की कातडीवरचं तेल निघून जातं.

रानवारा७:
पण लसीचं काय? आमच्या डॉक्टरांनी सगळे डोस होईपर्यंत अंघोळ बंद म्हणून सांगितलं होतं.

काळूची_मावशी:
काही डॉक्टर तसं सांगतात खरं, आणि आपले डॉक्टर काही कारणाने नको म्हणाले तर त्यांचंच ऐकावं. पण घरच्या पाण्याने लसीचा परिणाम धुऊन जात नाही. लसीनंतर एक-दोन दिवस पिल्लू मलूल असतं, थोडा ताप येतो, तेव्हा भिजवणं बरोबर नाही, म्हणून काही दिवस थांबायचं. डोस तर १६ आठवड्यांपर्यंत चालतात, तोवर पाणीच लावलं नाही तर सवय लागायचं वय निघून जातं. बाहेरच्या ग्रूमिंगच्या दुकानात मात्र लसी पूर्ण व्हायच्या आधी नेऊ नका, तिथे इतर कुत्री येतात, पार्वोची (उलट्या-जुलाबाचा जीवघेणा संसर्ग) भीती तिथे आहे, घरच्या टबात नाही.

शेपूटवाली:
खूप खूप धन्यवाद सगळ्यांना! आत्ताच फडक्याने पुसलं, निम्मा वास गेला. अजून एक, पुसताना मानेपाशी दोन पिसवा पळताना दिसल्या. घरी गोचीड-पिसवांचा शाम्पू पडलाय आधीच्या भाडेकरूंचा, तो पुढच्या आठवड्यात वापरला तर चालेल का? घरात मांजर पण आहे.

उंबरठा:
ताई तो शाम्पू अजिबात वापरू नका!! बऱ्याच बाटल्यांवर १२ आठवड्यांखालच्या पिल्लांना नको असं लिहिलेलं असतं, तुमचं खूपच लहान आहे. आणि बाटलीवर पर्मेथ्रिन हे कीटकनाशक लिहिलंय का बघा, ते मांजरासाठी जीवघेणं असतं, त्यांच्या यकृताला ते पचवता येत नाही, अंग थरथरतं, झटके येतात. पिल्लाला लावलं आणि मांजर त्याला चाटलं किंवा अंगाला घासलं तरी धोका आहे.

आत्ता बारीक दातांची पिसवांची फणी घ्या, रोज मानेपासून शेपटीपर्यंत फिरवा आणि प्रत्येक वेळी साबणाच्या पाण्यात बुडवा, पिसवा त्यात मरतात. पुढच्या आठवड्यात अंघोळ घालाल तेव्हा आधी मानेभोवती साध्या शाम्पूचा फेसाचा गोल करून घ्या, नाहीतर अंग भिजलं की सगळ्या पिसवा डोक्याकडे पळतात. पिल्लाचं अंथरूण गरम पाण्यात धुवा, अंडी तिथेच पडलेली असतात. आणि ओठ वर करून हिरड्या बघा, गुलाबी असतील तर ठीक, फिकट पांढरट दिसल्या तर वाट बघू नका, त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्या, इतक्या लहान पिल्लाचं रक्त पिसवा बघता बघता कमी करतात. औषध काय द्यायचं ते वजन करून तेच ठरवतील, मांजर आहे हे त्यांना आवर्जून सांगा.