कॉलेजच्या फुटबॉल संघाला जुनाजाणता सहायक प्रशिक्षक नेमायचाय, काय काय बघू?

जिमखाना_कोपू यांचा प्रश्न

नमस्कार मंडळी. कोल्हापुरातल्या एका कॉलेजच्या फुटबॉल संघाचं काम जिमखान्याकडून बघतो. सरावाला २६ मुलं असतात, त्यातली सात-आठ अकरावी-बारावीची. मुख्य प्रशिक्षक तिशीच्या आतले, एआयएफएफचं (अखिल भारतीय फुटबॉल महासंघाचं) प्रशिक्षकाचं डी लायसन्स असलेले. आखणी चांगली करतात, पण संघ कॉर्नर आणि फ्री किकवर फार गोल खातो आणि गोलकीपरकडे बघायला कुणी नाही. समितीने यंदाच्या हंगामासाठी सहायक प्रशिक्षकाचं मानधन मंजूर केलंय.

दोन नावं पुढे आलीत. एक जण पन्नाशी ओलांडलेले, आयुष्य शाहू स्टेडियमवर गेलेलं, तालमीच्या (कोल्हापुरात तालमींचे फुटबॉल संघ असतात) संघाचे बचावपटू आणि नंतर वस्ताद, म्हणजे प्रशिक्षक. लायसन्स नाही. दुसरे चाळिशीतले, सी लायसन्सवाले, पण मोठ्या सामन्यांचा अनुभव कमी. माझा ओढा पहिल्यांकडे आहे. त्यांना पारखायचं कसं? तरुण मुख्य प्रशिक्षक आणि हे यांच्यात दोन तोंडं होऊ नयेत म्हणून काय करायचं? नियुक्तीपत्रात काय लिहायचं? ते संध्याकाळी तालमीचा संघही बघतात, त्याचं काय?

सहा_यार्ड

आधी माणूस ठरवू नका, काम ठरवा. तुमच्याच लिहिण्यात ते आलंय: सेट पीसवरचा (कॉर्नर, फ्री किकवरचा) बचाव आणि गोलकीपर. या दोन कामांसाठी माणूस हवाय. ‘अनुभवी आहेत, सगळंच बघतील’ म्हणून आणलं की पहिल्या पंधरवड्यात ते संघनिवडीत बोलायला लागतात आणि कीपर आहे तिथेच राहतो.

मुलाखत खुर्चीवर बसून घेऊ नका, दोघांनाही मैदानावर ४५ मिनिटं द्या. विषय एकच, ‘कॉर्नरवरचा बचाव’. १६ मुलं, दोन कीपर, अर्धं मैदान, ८ चेंडू, खुणेचे १२ शंकू, दोन रंगांची बिब (जर्सीवर घालायची बंडी). विषय आदल्या दिवशी सांगा, म्हणजे तयारीला सबब राहत नाही. तुम्ही आणि मुख्य प्रशिक्षक वेगवेगळे उभे राहून कागदावर टिपणं काढा, एकमेकांना दाखवू नका.

पहिला चेंडू किती मिनिटांनी हलतो ते घड्याळ लावून बघा. पाच मिनिटांच्या आत हलला पाहिजे. जुन्या खेळाडूंचा नेहमीचा दोष हा की आधी दहा मिनिटं बोलतात, मग स्वतः करून दाखवतात आणि पोरं रांगेत उभी. दहा जणांच्या रांगेत एका वेळेला २० सेकंद गेले, तर प्रत्येकाची पाळी २०० सेकंदांनी येते. म्हणजे पाव तासात चार-पाच वेळा चेंडूला पाय लागणार. तेच तिघा-चौघांचे तीन गट केले तर त्याच पाव तासात तेरा-चौदा वेळा. ज्यांना रांग मोडायचं आपणहून सुचतं, त्यांना शिकवायचं कळतं.

दुसरं, काय दुरुस्त करतात. ‘अरे जोर लाव, माणूस सोडू नको’ हे कुणीही ओरडेल. जाणकार माणूस पोराचे पाय बघतो. कॉर्नर घ्यायच्या आधी बचावपटू चेंडूकडे सरळ तोंड करून उभा असेल तर त्याचा माणूस पाठीमागून निसटतो. अंग अर्धवट वळवून, एका नजरेत चेंडू आणि माणूस दोन्ही राहतील असं उभं राहायला हवं. ही चूक त्यांनी पहिल्या दोन-तीन कॉर्नरांत पकडली, खेळ थांबवला, पोराच्या खांद्याला धरून फिरवला आणि लगेच पुन्हा कॉर्नर घ्यायला लावला, तर तुमचं निम्मं काम झालं.

तिसरं, त्यांचा आराखडा विचारा. आपल्याकडे जुनी पद्धत ‘ज्याने त्याने आपला माणूस धरा’ अशीच आहे. ती वाईट नाही, पण समोरच्यांनी दोघांना एकमेकांच्या आडून पळवलं की कोलमडते. कॉलेजच्या पोरांना मिश्र पद्धत झेपते: कीपर गोलच्या मधोमध, चौघे सहा यार्डाच्या रेषेवर जागा धरून, त्यातला पहिला जवळच्या खांबाच्या एक पाऊल पुढे. त्यांच्या उंच तिघांना आपले तिघे. दोघे पेनल्टी एरियाच्या कडेला दुसऱ्या चेंडूसाठी (अर्धवट निघालेला चेंडू पकडायला), एक वर. मोजा, अकरा होतात. बरेच गोल पहिल्या हेडरवर जात नाहीत. चेंडू अर्धवट निघतो, आपले सगळे जागेवर थबकतात आणि मागून आलेला मारतो. म्हणून चेंडू निघाला की सगळी ओळ पेनल्टी स्पॉटपर्यंत पळत बाहेर यायची, हे ते शिकवतात का बघा. कीपरची हाकही ठरलेली असावी: ‘माझा’ म्हणजे बाकीच्यांनी वाट सोडायची, ‘काढ’ म्हणजे तो येणार नाही. तिसरा शब्द नको.

शेवटची पाच मिनिटं एखाद्या पोराला विचारा, ‘आज काय शिकलास?’ त्याने एक गोष्ट नेमकी सांगितली तर सत्र जमलं.

शिट्टीवाला

लायसन्सबद्दल. एआयएफएफची शिडी ई, डी, सी, बी, ए, प्रो अशी चढते. सी लायसन्स म्हणजे आखणी, सत्राची रचना, वयानुसार भार हे शिकलेला माणूस. तालमीतल्या जुन्याजाणत्यांकडे त्याहून वेगळी शिदोरी असते, ती खेळ वाचण्याची. तुमचे मुख्य प्रशिक्षक लायसन्सवाले आहेतच, त्यामुळे सहायक बिनलायसन्सचा चालावा असं माझं मत. पण हंगामात त्यांना ई किंवा डी कोर्सला पाठवायची अट घाला, फी कॉलेजने भरावी. पन्नाशीतला माणूस कोर्सला जायला तयार आहे की त्याला कमीपणा वाटतो, यावरूनही बरंच कळतं.

नियम मात्र विचाराच. जुने लोक इथे हमखास अडकतात. २०१९ पासून गोलकिकला चेंडू पेनल्टी एरियाबाहेर जायची गरज नाही, आपला खेळाडू आत उभा राहून घेऊ शकतो. जुलै २०२५ पासून नवा बदल आहे: कीपरने चेंडू हातात ८ सेकंदांपेक्षा जास्त धरला तर समोरच्याला थेट कॉर्नर. आधी ६ सेकंदांचा नियम होता आणि शिक्षा इनडायरेक्ट फ्री किकची. कॉर्नरवरच गोल खाणाऱ्या संघाचा कीपर वेळ काढत बसला तर काय होईल ते सांगायला नको. शेवटचे पाच सेकंद रेफरी हात वर करून मोजतो, कीपरला त्या हाताकडे बघायची सवय लावा.

आणि दोन तोंडांबद्दल नियमातच उत्तर आहे. टेक्निकल एरियातून (बाकासमोरच्या आखलेल्या जागेतून) एका वेळी एकानेच डावपेचाच्या सूचना द्यायच्या असतात. शिवाय २०१९ पासून प्रशिक्षकांनाही पिवळं-लाल कार्ड दाखवता येतं. बाकावरून कुणी काही बोललं आणि कोण ते कळलं नाही, तर कार्ड तिथे हजर असलेल्या वरिष्ठ प्रशिक्षकाला मिळतं. म्हणजे सहायकाने बसल्या जागेवरून पंचांना ऐकवलं तर शिक्षा तुमच्या तरुण मुख्य प्रशिक्षकांना. हे दोघांनाही समोरासमोर बसवून सांगा.

रेघेबाहेरून

वरच्या दोघांचं पटलं. दोन तोंडांचा प्रश्न मात्र नियमाने सुटत नाही, रोजच्या शिस्तीने सुटतो.

तुमचे मुख्य प्रशिक्षक वयाने लहान, ते सहायकांना ‘मामा’ किंवा ‘सर’ म्हणणार, सहायक त्यांना ‘अरे’ म्हणणार. कोल्हापुरात हे बदलायला जाऊ नका, पोरांनाही ते खटकत नाही. पण पोरांच्या देखत निर्णय उलटवायचा नाही, हे ठरवून टाका. सरावाआधी दहा मिनिटं दोघांनी उभ्याने बोलायचं: आज कुठला भाग कुणाचा, किती मिनिटं. ९० मिनिटांच्या सरावात सहायकाला सलग २५ मिनिटं द्या, त्यात मुख्य प्रशिक्षकांनी तोंड घालायचं नाही. उरलेल्या वेळात सहायकाने ओरडायचं नाही, फक्त ठरलेल्या दोन-तीन पोरांकडे बघायचं. आठवड्यात दोन दिवस त्यांनी कीपरना अर्धा तास आधी बोलवायचं.

हाफ टाइमला पहिली तीन मिनिटं पोरांना पाणी पिऊ द्या. तेवढ्यात सहायकाने मुख्य प्रशिक्षकांना बाजूला दोन मुद्दे सांगायचे, दोनच. पोरांशी बोलणार एकच जण.

खरी अडचण वेगळी आहे. तुमच्या संघात कुणी पाटाकडीलचं पोर असेल, कुणी खंडोबाचं, कुणी दिलबहारचं, कुणी फुलेवाडीचं. एका तालमीचे वस्ताद सहायक म्हणून आले की बाकावर बसलेल्या प्रत्येक पोराच्या घरी एकच चर्चा, ‘त्यांनी स्वतःच्या तालमीची पोरं घेतली’. ती खोटी असली तरी संघ फोडते. म्हणून निवड चाचणीला दोन्ही प्रशिक्षकांनी प्रत्येक पोराची स्वतंत्र गुणपत्रिका भरावी: पहिला स्पर्श, पास, बचावातली जागा, पळणं, वागणूक, प्रत्येकी १० पैकी. पळण्यासाठी यो-यो चाचणी घ्या, २० मीटर जाऊन-येऊन आणि मध्ये १० सेकंद विश्रांती. त्यात तालीम दिसत नाही, आकडा दिसतो. अंतिम यादीवर सही मुख्य प्रशिक्षकांची. पत्रिका जिमखान्यात जपून ठेवा, पालक आले की काढून दाखवता येतात.

व्यायामाचंही बघा. दोनशे बैठका, मैदानाला दहा फेऱ्या आणि बेडूकउड्या ही जुनी रीत. बैठकांना माझा विरोध नाही, पण सामन्याच्या दोन दिवस आधी त्या काढल्या तर पाय नेमके सामन्याच्या दिवशी भरतात, कारण न सरावलेल्या मेहनतीचं दुखणं २४ ते ७२ तासांत शिगेला पोचतं. फिफा ११+ हा वॉर्म अप लावा: १५ व्यायाम, २० मिनिटं, तीन पायऱ्या. त्यातला मांडीच्या मागच्या स्नायूचा नॉर्डिक प्रकार पहिल्या पायरीवर ३ ते ५ वेळाच करायचा. जुनी खोड म्हणजे ‘तीन काय, वीस काढ’. तिथेच स्नायू धरतो. ताज्या मुरगळीवर शेक आणि चोळणं बंद, फडक्यात गुंडाळून बर्फ १५-२० मिनिटं. डोक्याला मार लागून पोर भांबावलं तर त्या दिवशी परत मैदानात नाही. ‘काय होत नाही, पळ’ म्हणणारा सहायक कितीही मोठा खेळाडू असला तरी नको.

हिशेबनीस

पत्राबद्दल थोडक्यात. नेमणूक तारखेपासून तारखेपर्यंत, ‘हंगामापुरती’ असं मोघम नको, कारण विद्यापीठाच्या स्पर्धांचं वेळापत्रक परिपत्रक आल्यावरच पक्कं होतं. मानधन महिन्यावर न ठेवता सत्रावर ठेवा आणि सामन्याच्या दिवसाचा दर वेगळा लिहा. पावसाळ्यात मैदानात चिखल असतो, सत्रं बुडतात, मग महिन्याच्या पैशावरून वाद होतो. आठवड्याला ३ सत्रं धरली तर २० आठवड्यांची ६० होतात. त्यातली १० पावसासाठी हॉलमध्ये किंवा फळ्यावर घ्यायची असं आधीच लिहा. हजेरीवहीवर सही, पैसे बँकेतून, पॅन घ्या, टीडीएसचं कॉलेजच्या सीएला विचारा. प्रवास, ट्रॅकसूट, बूट यांचा उल्लेख स्वतंत्र.

अकरावी-बारावीची पोरं १८ च्या आतली, त्यामुळे पोलिसांचा चारित्र्य पडताळणी दाखला घ्या. कितीही ओळखीचे असले तरी घ्या, आणि दोघांकडूनही घ्या, म्हणजे कुणाला लागत नाही. पोरांशी एकट्याने मेसेज नाहीत, सगळं ग्रुपवर, त्यात एक शिक्षक असतील. मुलाबाबत काही लैंगिक गैरप्रकार कानावर आला तर पोक्सो कायदा २०१२ प्रमाणे ते पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे, हे कलम पत्रातच असू दे.

जिमखाना_कोपू

सगळ्यांचे मनापासून आभार. चाचणीचं सत्र दोघांचंही लावतो. तालमीचा प्रश्न मात्र राहिला. केएसएची (कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशनची) लीग सुरू झाली की ते शाहू स्टेडियमवर अडकणार आणि आमचे सामनेही जवळपास असतील. आमचा सराव सकाळी साडेसहाला, त्यांचा संध्याकाळी.

रेघेबाहेरून

सराव आपसात भिडत नाही, सामने भिडतात. तालीम सोडा म्हणू नका, सोडणार नाहीत आणि सोडूही नये. पत्रात लिहा की विद्यापीठ स्पर्धेच्या दिवशी कॉलेजला प्राधान्य, एरवीच्या मैत्रीच्या सामन्यांना त्यांना मोकळीक. तालमीच्या कारभाऱ्यांनाही त्याची प्रत आधीच द्या. आणि तुमची पोरं लीगमध्ये त्यांच्यासमोर दुसऱ्या जर्सीत उभी राहणारच. कॉलेजच्या सरावात कळलेली दुखापत किंवा कमजोरी तिकडे वापरायची नाही, हे मात्र तोंडी सांगा, लिहू नका. लिहिलंत तर अपमान वाटेल, तोंडी सांगितलंत तर शब्द पाळतील.

सहा_यार्ड

एक राहिलं. ते नसतील त्या दिवशी कीपरचा सराव कोण घेणार ते आत्ताच ठरवा. त्यांच्याकडून पहिल्या महिन्यात कीपरसाठी सहा सत्रं लिहून घ्या: अंतर, चेंडू किती, कुठल्या हाताला किती वेळा. कॉर्नरवर बाहेर येऊन चेंडू पकडायचा सराव प्रत्येक सत्रात कमीत कमी २० वेळा, त्यातले निम्मे दोन पोरं अंगावर धक्का देत असताना. रिकाम्या एरियात पकडलेला चेंडू सामन्यात उपयोगी पडत नाही. तो कागद दुसऱ्या कीपरकडेही द्या, म्हणजे वस्ताद नसले तरी दोघं मिळून अर्धा तास काढतील.