आवरलेलं घर चार दिवसांत पुन्हा जैसे थे. नेमकं चुकतं कुठे?

पसारापती
घरात सहा माणसं: दोघं नोकरी करणारे, आजी-आजोबा, मुलं ४ आणि ११ वर्षांची. खोल्या तीन. रविवारी तीन-चार तास घालून आवरलं तरी गुरुवार उजाडेपर्यंत जेवणाचं टेबल, दाराजवळचं बाक आणि पलंगाशेजारची खुर्ची गळ्यापर्यंत भरलेली असते. झाकणाचे आठ मोठे प्लास्टिकचे डबे आणले होते, तेही भरले. आता कुठल्या डब्यात काय आहे हेच कळत नाही. सगळ्यात जास्त त्रास कागद, चपला-बूट, धुतलेले कपडे आणि खेळणी यांचा. आणखी एक कपाट करून घ्यावं का? 'निम्मं सामान काढून टाका' हा सल्ला ऐकून झालाय. काय, कुठे, किती ते सांगा.

मोजूनमापून
कपाट इतक्यात नको. टेबल, बाक, खुर्ची ही तीन नावं तुम्हीच लिहिलीत, अर्धं उत्तर त्यातच आहे. घरात शिरल्यावर हात जिथे मोकळे होतात तिथे पसारा साठतो. पुढचे तीन दिवस या तिन्ही जागा आवरू नका. रोज रात्री तिथे काय पडलंय ते लिहा आणि प्रत्येक वस्तूपुढे तीनपैकी एक कारण टाका: जागाच ठरलेली नाही, जागा ठरलीय पण भरलीय, किंवा जागा आहे पण तिथे ठेवणं जिवावर येतं.

तिसरं कारण सर्वांत जास्त वेळा निघेल, कारण ठेवताना किती हालचाली होतात हे कोणी मोजत नाही. समजा कात्रीची जागा माळ्यावरच्या डब्यात आहे. स्टूल आणा, चढा, वरचा डबा उतरवा, खालच्याचं झाकण काढा, कात्री ठेवा, झाकण लावा, वरचा डबा परत चढवा, उतरा, स्टूल जागेवर नेऊन ठेवा. नऊ हालचाली. कात्री टेबलावर राहणार नाही तर काय होईल? वस्तू हवी असली की माणूस नऊ हालचाली करतो, काम झालं की एकसुद्धा करत नाही. म्हणून जागा ठरवताना काढण्याचा नाही, ठेवण्याचा त्रास मोजायचा. रोजची वस्तू एका हालचालीत जागेवर गेली पाहिजे, म्हणजे हुक किंवा उघडी टोपली. आठवड्याला एकदा लागणारीला दोन चालतील: ड्रॉवर उघडला, टाकली. झाकणाचा डबा महिन्याने लागणाऱ्या वस्तूंना आणि माळा वर्षाने लागणाऱ्यांना.

खुर्चीवर काय असतं हे न बघता सांगता येतं: एकदा घातलेले, अजून न मळलेले कपडे. धुतलेल्यांत ठेववत नाहीत, धुवायला टाकवत नाहीत. त्यांना कपाटात जागाच नसते, म्हणून ते खुर्चीवर जातात. दारामागे माणशी दोन हुक लावा, दोन हुकांत १५ ते २० सेंमी अंतर ठेवून. चार वर्षांच्या मुलाचा हुक जमिनीपासून ९० ते १०० सेंमीवर. हँगर लावू नका, हँगरला दोन हात लागतात आणि खुर्ची जिंकते. दोन्ही हुक भरले की एक कपडा धुवायला, एवढाच नियम. आणि ती खुर्ची खोलीतून हलवा.

दुसऱ्या कारणासाठी एक माप: कुठलाही कप्पा पाचात चार भागच भरायचा. काठोकाठ भरलेल्या खणात एक वस्तू परत ठेवायला आधी तीन सरकवाव्या लागतात, म्हणून ती बाहेरच राहते.

उंबरठा
चपला-बुटांचं गणित आधी करा, मग रॅक. मोठ्या माणसाच्या एका जोडाला साधारण २० सेंमी रुंदी आणि ३० सेंमी खोली लागते. म्हणजे ६० सेंमीच्या फळीवर तीन जोड, चार नाही. सहा माणसं आणि माणशी दोन जोड धरले तर १२ जोड, म्हणजे अशा चार फळ्या. मुलांचे जोड लहान असतात, तेवढी मोकळीक मिळेल. दोन फळ्यांमध्ये १५ ते १८ सेंमी पुरतात, घोट्यापर्यंतच्या बुटांना जास्त. दाराशी माणशी दोनच जोड. बाकीचे आत कपाटात, महिन्यातून एकदा लागणारे.

दरवाजाचा बंद रॅक फसतो. ओले बूट आत कोंडले की वास धरतात, आणि दार उघडायचा कंटाळा म्हणून जोड रॅकच्या पुढ्यातच उतरतात. उघडी फळी आणि खाली पाणी धरणारा ट्रे पुरे.

११ वर्षांच्या मुलाचं दप्तर पाच-सहा किलोचं असू शकतं. त्याला चिकटवायचा हुक देऊ नका. भिंतीत प्लग ठोकून स्क्रूचा हुक, दाराजवळच. किल्ल्या आणि पाकीट यांना वाटीएवढा एकच ट्रे. मोठा ट्रे ठेवलात की आठवड्यात त्यात बिलं, स्क्रू, पेनाची टोपणं येतात.

रद्दीचा हिशेब
कागदांबद्दल. दाराच्या आत, बसायच्या आधी, उभ्यानेच निवडायचे. जाहिराती आणि रिकामी पाकिटं थेट रद्दीत. उरतात त्यांना दोनच कप्पे: 'करायचं आहे' आणि 'ठेवायचं आहे'. 'नंतर बघू' असा तिसरा कप्पा केलात की सगळं त्यातच जातं. 'करायचं'चा ट्रे उथळ घ्या, तीन सेंमीचा. भरला की डोळ्यांत खुपतो, खोल ट्रे सहा महिने गप्प बसतो.

ठेवायच्या कागदांच्या फायली विषयवार लावू नका, 'हा कागद कोण मागेल' त्याप्रमाणे लावा. डॉक्टर मागतील ते एकत्र, माणशी एक फाइल. शाळा मागेल ते एकत्र. यंत्र बिघडल्यावर दुरुस्तीवाला मागेल ते बिल आणि वॉरंटी कार्ड एकाच पाकिटात. विषयवार लावलं तर विम्याच्या पावतीचा एक कागद 'बँक', 'दवाखाना' आणि 'कर' या तिन्हींत बसतो आणि एकातही सापडत नाही.

दुकानाच्या गुळगुळीत कागदावरच्या पावत्या हमखास दगा देतात. त्या शाईने नाही, उष्णतेने छापलेल्या असतात. ऊन, ऊब आणि मऊ प्लास्टिकचं पाकीट या तिन्हींनी अक्षरं उडतात. वॉरंटी दोन वर्षांची आणि पावती सहा महिन्यांत कोरी, हे नेहमीचं. आणली त्याच दिवशी फोटो काढा किंवा साधी झेरॉक्स करून सोबत ठेवा. लॅमिनेट तर मुळीच करू नका, यंत्राच्या उष्णतेने पूर्ण कागद काळा पडतो.

जन्मदाखले, घराची कागदपत्रं, मूळ गुणपत्रिका यांची वेगळी एकच फाइल, घाईत उचलून नेता येईल अशा जागी. माळ्यावर नको. स्कॅन दोन ठिकाणी.

चौघडी
धुतलेल्या कपड्यांचा ढीग धुण्यामुळे होत नाही, घड्यांमुळे होतो. मोठ्या माणसाचे दिवसाचे कपडे साधारण ८०० ग्रॅम ते एक किलो, अंगपुसणीचा टॉवेल ५०० ग्रॅमच्या आसपास. सहा माणसांचं रोज चार-पाच किलो निघतं. म्हणजे सात किलोच्या यंत्रात रोज एक फेरी, आणि चादरी वेगळ्या दिवशी. यंत्रावर लिहिलेले किलो कोरड्या सुती कपड्यांचे असतात. सिंथेटिकच्या प्रोग्रामला बहुतेक यंत्रांत त्याच्या निम्मेच घालायचे. ड्रम भरल्यावर वर तळहात आडवा जाईल एवढी जागा हवी, नाहीतर कपडे एकमेकांवर घासत नाहीत आणि साबण राहतो. आठवड्याचं सगळं रविवारी धुतलं तर तीस किलो कपड्यांच्या घड्या एका संध्याकाळी कोण घालणार?

वाळत घालतानाच माणसाप्रमाणे घाला. दोरीच्या एका टोकाला आजोबांचे, मग आजींचे, शेवटी धाकट्याचे. काढताना प्रत्येकाचा भाग सरळ त्याच्या टोपलीत जातो आणि ढिगातून निवडण्याचं काम मुळातच उरत नाही. आतले कपडे, मोजे, घरात घालायचे कपडे यांच्या घड्या घालू नका, खणात टाका. कोणी बघत नाही. ११ वर्षांच्या मुलाने स्वतःची टोपली स्वतः रिकामी करायची.

टी-शर्टची घडी उभी राहील अशी: दोन्ही बाजू आत घेऊन लांब पट्टी करा, गळा आणि तळ जुळवून अर्धी करा, मग त्याच्या तीन घड्या. घडी हात सोडल्यावर स्वतः उभी राहिली तर बरोबर, आडवी पडली तर एक घडी कमी पडली. उंची खणापेक्षा दोन-तीन सेंमी कमी हवी, नाहीतर खण अडकतो. उभ्या रांगेतून एक काढला तर बाकी हलत नाहीत. चळतीत तळाचा ओढला की सगळी चळत गेली.

टॉवेल माणशी दोन, चादरींचे जोड दर पलंगाला दोन, धाकट्याच्या पलंगाला तीन. यापुढचे जोड केवळ जागा खातात.

पसारापती
दोरीवर माणसाप्रमाणे वाळत घालणं कधी सुचलंच नव्हतं. दोन प्रश्न. आजी-आजोबांच्या वस्तूंना हात लावला की वाद होतो. आणि ते आठ डबे उघडायचे कसे? जाड रजया व्हॅक्यूमच्या पिशव्यांत भरून जागा करावी का?

मोजूनमापून
वाद होणारच, दुसऱ्याच्या वस्तू आपण काढायच्याच नसतात. 'हे कमी करा' म्हणू नका. 'हे दोन खण आणि ही फळी तुमची, आत काय ठेवायचं ते तुम्ही ठरवा' असं सांगा. आकड्यावर भांडण होतं, मापावर सहसा होत नाही. त्यांच्या रोजच्या वस्तू गुडघा आणि खांदा यांच्या मधल्या उंचीवर हव्यात, वाकायला नको आणि स्टूलही नको. पलंगापासून न्हाणीघरापर्यंतच्या वाटेत जमिनीवर काहीही नको, रात्री तिथेच पाय अडकतो. औषधं न्हाणीघरात किंवा शेगडीवरच्या कपाटात ठेवू नका, वाफेने आणि उष्णतेने खराब होतात. दर तीन महिन्यांनी तारखा बघा. डोळ्यांच्या थेंबांची बाटली उघडली त्या दिवसाची तारीख तिच्यावर लिहा. बहुतेक थेंब उघडल्यावर चार आठवड्यांनी टाकायचे असतात, छापील मुदत शिल्लक असली तरी.

डबे एका बैठकीत एकच, अर्धा तास लावून. पाच ढीग: याच डब्यात, घरात दुसरीकडे, द्यायचं, टाकायचं, ठरत नाही. 'ठरत नाही'चं एकच खोकं. त्याला चिकटपट्टी लावून सहा महिन्यांपुढची तारीख घाला, ऋतूप्रमाणे लागणाऱ्या वस्तूंना वर्ष. द्यायच्या पिशवीला जायचा दिवस त्याच वेळी ठरवा, नाहीतर ती दाराशी राहते आणि लोक त्यातूनच वस्तू परत घेतात. नाव झाकणावर लिहू नका, झाकणं बदलतात आणि रचल्यावर दिसत नाहीत. समोर येणाऱ्या आखूड बाजूवर लिहा. पुस्तकं-कागद मोठ्या डब्यात नकोत: ८० ग्रॅमच्या ५०० ए-४ कागदांचा एक गठ्ठाच अडीच किलोचा. तसे बारा गठ्ठे मावले की डबा तीस किलोचा होतो, मग तो कोणी उचलत नाही आणि उघडतही नाही.

चौघडी
व्हॅक्यूम पिशव्यांत फक्त सिंथेटिक भरणाच्या रजया आणि पूर्ण कोरड्या. किंचित दमटपणा राहिला तरी आत बुरशी येते. पिसांच्या रजया आणि चामडं कधीच नाही, महिनोन् महिने दाबून ठेवलं की पिसांचा फुगवटा परत येत नाही. शिवाय पिशवीचा दगडासारखा गठ्ठा होतो, फळीवर नीट बसत नाही. माळा असेल तर साधी सुती खोळ बरी.

उंबरठा
खेळण्यांचं राहिलं. खोल डबा म्हणजे रोजचा पसारा, कारण तळाचं एक खेळणं काढायला मूल पूर्ण डबा उपडा करतं. १५ ते २० सेंमी खोल, झाकण नसलेल्या टोपल्या, जमिनीवर किंवा सर्वांत खालच्या फळीवर, पुढे आतल्या वस्तूचं चित्र. सगळ्या खेळण्यांचे तीन भाग करा. एक बाहेर, दोन कपाटात, दोन-तीन आठवड्यांनी अदलाबदल. आत ठेवताना बॅटऱ्या काढा, गळल्या की आतले पत्रे खातात. बटणाएवढ्या गोल बॅटऱ्या, नव्या असोत की जुन्या, कुलपात. गिळल्या तर दोन तासांत अन्ननलिका भाजू शकते, म्हणून शंका आली तरी थेट दवाखाना.

आणि ड्रॉवरचं उभं कपाट भिंतीला काटकोनी धातूची पट्टी लावून स्क्रूने बांधा. दोन-तीन खण एकदम उघडले की भार पुढे येतो आणि मुलाने त्यावर पाय दिला की कपाट अंगावर. जड वस्तू तळच्या खणात.

पसारापती
कपाट आजच बांधतो. खुर्ची हलवली. दारामागे चिकटवायचे सहा हुक लावले, रात्रीत चार पडले. वजन तर पाव किलोसुद्धा नव्हतं.

उंबरठा
दार ओल्या फडक्याने पुसून लगेच लावले असणार. पाण्याने तेलकटपणा जात नाही. आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा, पूर्ण सुकू द्या, हुक ३० सेकंद दाबून धरा आणि मग तासभर काहीही अडकवू नका. काही पट्ट्यांना पूर्ण दिवस लागतो, पाकिटावर लिहिलेलं असतं. पडलेल्या हुकाच्या पट्टीमागे रंगाचा पापुद्रा चिकटून आलाय का बघा. आला असेल तर गोंदाचा दोष नाही, रंगच धरत नाहीये, तिथे कितीही पट्ट्या बदलल्या तरी उपयोग नाही. स्क्रू मारा, पण आधी दार ठोकून बघा. पोकळ वाजलं तर कडेच्या भरीव लाकडी चौकटीत मारा, मधल्या पातळ फळीत नको.