प्रतिसाद: दहा वाजता झोपायला जाऊ नका

22 एप्रिलच्या लायरिड उल्कावृष्टीसाठी घराच्या धाब्यावर (गच्चीवर) रात्री आठ ते दहा वाजेपर्यंत डोळे ताणूनही एकही उल्का दिसली नाही, अशी वरच्या पोस्टमध्ये तक्रार आहे. दिसणार कशी? ही उल्कावृष्टी स्वरमंडळ (लायरा) तारकासमूहातून, अभिजित ताऱ्याच्या जवळून येताना दिसते आणि आपल्या खान्देशात त्या सुमारास अभिजित उगवतोच दहाच्या आसपास. खरी वेळ मध्यरात्रीनंतर पहाटेपर्यंतची. तेव्हाही तासाला दहा-पंधरा म्हणजे खूप झाल्या. व्हिडिओत दिसतो तसला पाऊस विसरा.

मला विचाराल तर मे महिन्याची वाट बघा. 5-6 मेच्या सुमारास हॅलेच्या धूमकेतूची धूळ पृथ्वीच्या वाटेत येते. त्या धुळीच्या उल्का सेकंदाला सुमारे 66 किलोमीटर वेगाने वातावरणात घुसतात, मागे रेघ रेंगाळते. उगमबिंदू (जिथून उल्का येताना दिसतात तो) कुंभ राशीत, ती आपल्याकडे जास्त वर चढते, म्हणून आपल्याला युरोपवाल्यांपेक्षा बऱ्या दिसतात. पहाटे तीन ते साडेचार ही वेळ धरा, चंद्राचा उजेड नाही ना, हे मात्र आधी तपासा. जळगाव-भुसावळचा उजेड टाळून तोरणमाळ गाठलंत तर उत्तमच. (चाळीसगावजवळची पाटणादेवीही चालेल, भास्कराचार्यांचा मुलूख, पण जंगलात रात्री परवानगीशिवाय नको.) दुर्बीण घरीच ठेवा. खाट टाकून आडवं व्हा आणि डोळे अंधाराला सरावेपर्यंत अर्धा तास मोबाइलला हात लावू नका.