मदत हवी आहे: मेल्फलान (केमोथेरपीचं औषध) देताना तोंडात बर्फ कसा टिकवायचा?

मायलोमाचा (रक्ताचा एक कर्करोग) रुग्ण आहे, स्वतःच्याच स्टेम सेल (रक्त तयार करणाऱ्या मूळ पेशी) परत देणार आहेत. त्याआधी मेल्फलान, 200 मिग्रॅ प्रति चौरस मीटर. बर्फाने तोंडातल्या रक्तवाहिन्या आकसतात, औषध तिथे कमी पोहोचतं, तोंड कमी सोलवटतं, हे ठाऊक आहे. पण औषधाच्या आधीपासून ते संपल्यानंतरही बर्फ तोंडात धरायचा, तर दात ठणकतात, उमासे येतात. चुरा बरा की छोटे खडे? मध्ये किती थांबलं तर चालतं?

पेशी चढवताना डीएमएसओचा (पेशी गोठवून ठेवताना घालतात ते रसायन) लसणासारखा वास येतो म्हणे, तेव्हा काय चघळायला द्यावं?

न्यूट्रोफिल (जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी) दर मायक्रोलीटरला 500 च्या वर यायला साधारण 10 ते 14 दिवस लागतात. ताप 38 अंशांवर गेला की लगेच कळवायचं, ते पक्कं आहे. पण त्या दिवसांत पाणीसुद्धा गिळवेना, तर नळीने अन्न कधी सुरू करतात?