दरवर्षी तोच गणपती घडवणं, ही कला की नुसतं काम?

खाडीकाठचा (मालवण)
आमची गणपतीची शाळा, म्हणजे मूर्ती घडवायचा कारखाना, आजोबांपासूनची. वर्षभर मी वायरिंगची कामं घेतो आणि आषाढ लागला की मातीत. चाळीसेक मूर्ती, ज्या घरांनी मूर्तीसाठी पाट आणून द्यायचे ती ठरलेली, प्रत्येक घराला तोच गणपती हवा, तीच बैठक, तोच रंग, सोंड जराशी वेगळी वळली तरी त्या घरची आजी म्हणते ह्यो आमचो गणपती न्हय. भाचा मुंबईला जे.जे. कला महाविद्यालयात शिकतो, परवा बोलला, मामा तुझ्या हातात आहे पण तू नवीन काही करत नाहीस, हे कारागिराचं काम. लागलं मला ते. डोळ्यांची आखणी सगळ्यात शेवटी असते, हात जरा थरथरला तरी नजर बिघडते, आणि चाळीस मूर्तींत दोन नजरा सारख्या येत नाहीत. ही कला नाही तर काय आहे?

पेणची लेक
मी स्वतः चार सीझन आखणी केलीये. आमच्याकडे हमरापूर, जोहे भागात साच्यातून ढिगाने मूर्ती निघतात आणि आखणी करणारे हात तिथेही सुंदर आहेत, पण मी त्याला कौशल्य म्हणेन. गिऱ्हाईक मागेल तेच दिलं तर त्यात तुमचं म्हणणं कुठे आलं? भाचा कठोर बोलला, पण चुकीचं नाही बोलला.

कुडाळकर
अजिबात पटलं नाही. दशावतारात आख्यान सगळ्या गावाला पाठ असतं, तोच राजा तोच राक्षस, तरी लोक जत्रेत पहाटेपर्यंत बसतात, आणि रात्री राजा झालेला माणूस सकाळी शेतात असतो. तो कलाकार नाही म्हणणार? आणि भाच्याला सांगा, जे.जे. १८५७ ला सुरू झालं तेव्हा त्याच्या नावातच आर्टबरोबर इंडस्ट्री होतं, १८६६ मध्ये तिथे मूर्तिकाम आणि लोखंडी नक्षीकाम दोन्ही शिकवायला लागले.

पेणची लेक
दशावताराचं उदाहरण माझ्याच बाजूचं आहे. तिथे लिहिलेली संहिता नसते, संवाद नटाला उभ्या उभ्या सुचतात, म्हणजे मोकळीक आहे. पाटावरच्या मूर्तीत ती कुठाय? राखण्याला किंमत नाही असं मी म्हणत नाहीये, पिंगुळीची चित्रकथी, म्हणजे चित्रं दाखवत गोष्ट सांगायची लोककला, राखणाऱ्या परशुराम गंगावणेंना २०२१ ला पद्मश्री मिळाली त्याचा मला आनंदच झाला. पण राखणं वेगळं आणि निर्माण करणं वेगळं.

खाडीकाठचा
मोकळीक नाही म्हणताय म्हणून सांगतो. मागे एका वर्षी पाऊस उघडेचना, शाडू सुकेना, एका मूर्तीचा आशीर्वादाचा हात तडकला. दोन दिवस राहिलेले. नवा हात लावला तो आधीपेक्षा थोडा वर आणि किंचित पुढे घेतला, मला तसा जास्त मायेचा वाटला. न्यायला आले तेव्हा आजीने बघितलं, काही बोलली नाही. पुढच्या वर्षी पाट घेऊन आली आणि म्हणाली, गेल्या वर्षी केलंस तसोच हात कर. आता त्या घरचा गणपती तसाच असतो.

पेणची लेक
छान आहे हे, खरंच. पण सुरुवात तडकण्याने झाली ना, ठरवून कुठे केलंत?

खाडीकाठचा
तडकला आपोआप, पण कुठे लावायचा ते मीच ठरवलं ना. रात्री दोनला, एकट्याने.

पेणची लेक
मग पाऊस नसतानाही एक करा. ज्याचा पाट कोणीच दिलेला नाही अशी. त्या हाताला पुढे कुठे जायचंय ते मला बघायचंय.

खाडीकाठचा
चतुर्थीनंतर थोडी माती उरते. दिवाळीत भाचा येतोय, त्याला बाजूला बसवून करतो. फोटो टाकेन.